मोकळं बोट

चहाचा कप आबांच्या हाती देताना मी रोजच्यासारखी त्यांची बोटं कपाच्या कानात अडकवायला गेले, आणि आबांनी हात काढून घेतला. झटकला नाही. झटकला असता तर बरं झालं असतं; झटकणाऱ्या माणसाशी भांडता येतं. त्यांनी तो सावकाश, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, असा बोट बोट करून सोडवला आणि पांघरुणाखाली नेला. तोंड भिंतीकडे होतंच. चहा सांडला नाही, बशीत थेंब नाही, बाहेर विश्रामबागेच्या रस्त्यावर कॉलेजची पोरं सायकलच्या घंट्या वाजवत चालली होती, आणि मी कप धरून उभी. काय झालं ते बघणाऱ्याला कळलंही नसतं. मला कळलं, कारण असा हात काढून घेण्याचा अर्थ मला आबांनीच शिकवला होता. टाळी न देता, शब्द न बोलता, बोट बोट करून हात सुटला की सौदा मोडला. मग समोरच्यानं पंचा झटकून खांद्यावर टाकायचा आणि दुसरा व्यापारी बघायचा. मी दुसरे आबा कुठे बघणार होते?

आबा म्हणजे माझे वडील, सांगलीच्या हळद बाजारातले अडते. जन्मभर शेतकऱ्याची हळद व्यापाऱ्याला विकून दिली. त्यांच्या नखांत, कानाच्या पाळीमागं, धोतराच्या निऱ्यांत हळद असायची. आई म्हणायची, एवढी हळद लागलेला नवरा आणि लग्न मात्र एकच. बाजारात भाव मोठ्यानं सांगायचा नाही अशी रीत. हळदीच्या ढिगापाशी अडत्या आणि व्यापारी समोरासमोर उभे राहायचे, हातात हात द्यायचे, वरून पंचा टाकायचे. तोंडं अशी की एक आभाळ बघतोय आणि दुसऱ्याला डुलकी लागलीय. आणि पंच्याखाली बोटं बोलायची. हे बोट धरलं की एवढं, ही दोन धरली की तेवढं, पेरं दाबलं की त्याच्यावर थोडं. चारी बाजूंनी माणसं बघतायत आणि भाव मात्र दोघांनाच ठाऊक. जमलं की टाळी. मला बाजारात कोण नेणार? पण परकर पोलक्यातल्या मला आबांनी ही भाषा घरात शिकवली, आईचा पदर पंच्यासारखा दोघांच्या हातांवर ओढून. आई भाकरी थापता थापता ओरडायची, "पदर सोडा की वो, का पोरीला अडत्या करताय?" आबा आभाळाकडे बघायचे. माझी बोटं त्यांच्या तळहातात पाखराच्या पिलांसारखी पडलेली असायची. धरलेलं बोट बोलतं, मोकळं बोट म्हणजे काही नाही. एवढं मी शिकले. शाळेत पुढं सातवीपर्यंत जे शिकले त्यातलं फारसं उरलं नाही, हे उरलं.

आई गेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, बाजार सुटला, आणि आबा आमच्याकडं विश्रामबागेला आले. खिडकीशी खाट टाकली. डॉक्टर म्हणाले, मिरजेला नेऊन डोळे करून घ्या, दिसेल. आबा म्हणाले, "आता बघायचं काय राह्यलंय?" हे ते चिडून म्हणाले नाहीत, खरोखरच विचारल्यासारखे म्हणाले. काय सांगणार? की समोरच्या बंगल्याला नवा पिवळा रंग दिलाय? मग बोलणं कमी झालं. मग जेवण. माणूस एकदम जात नाही, एकेक दिवा मालवत आतल्या आतल्या खोलीत जात राहतो, आणि आपण बाहेर ताट घेऊन उभे. फक्त एकदा दुपारी मी पांघरूण सारखं करायला गेले तर आत त्यांचा उजवा हात चालू होता. एक बोट, दोन बोटं, पेरं. कुणाशी तरी भाव करत होते. समोर कुणी नव्हतं, तरी घासाघीस चालली होती. मी पांघरूण तसंच ठेवलं. कुणाचा चाललेला सौदा उघडा करू नये.

"मग तूच घे की हात हातात," मी सांगितल्यावर आमचे हे म्हणाले. मी घेतला होता. आबांनी दोन बोटं धरली आणि सोडली. "तू माजी लेक. तू मला नडवणार न्हाईस, आन् मी तुला. कसला सौदा?" खरंच होतं. लेकीशी सौदा होत नाही. त्यासाठी परका माणूस पाहिजे, कोडगा, हिशेबी, ज्याला आबांच्या डोळ्यांचं काही वाटत नाही असा. असा माणूस मी कुठून आणणार होते, तर तो आमच्या घरातच एका पॉलिथिनच्या पिशवीत पडला होता.

आमचा मुलगा कृष्णात बोटीवर रेडिओ ऑफिसर. गेल्या सुट्टीत त्यानं परदेशातून एक हिरवी पाटी आणली, फुलस्केप कागदाएवढी. तिच्यावर झुरळांसारखे काळे आयसी, म्हणजे चिपा, कोपऱ्यात आकड्यांच्या वीसेक कळा, वर तांबडे आकडे उमटायची चिमुकली खिडकी. म्हणाला, हा घरगुती कॉम्प्युटर. आमचे हे फौजेतल्या सिग्नल पलटणीतून आलेले, औंधाकडच्या गावचे, आता गणपती पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यांनी पाटी उलटी केली, सुलटी केली, वास घेतला. "ह्यात विविध भारती लागत न्हाई, बातम्या लागत न्हाईत. बोटीवरच्या लोकांना येळ लय असतो," म्हणाले आणि ठेवून दिली. सातवीनंतरची माझी शाळा म्हणजे ह्यांच्या दुकानातलं टेबल. आधी तारा धरल्या, मग सोल्डर धरलं, मग एक दिवस आयर्नच माझ्या हातात राहिलं आणि ह्यांना चष्मा लागला. त्या पाटीबरोबर एक पुस्तक होतं. कृष्णातची शाळेतली डिक्शनरी शेजारी घेऊन मी ते वाचलं. कणीक मळताना, कुकरची शिट्टी मोजताना वाचलं. इंग्रजी येत नाही ह्याचा एक फायदा असतो, कुठलाच शब्द सोपा म्हणून सोडला जात नाही.

तर मी त्या पाटीत एक व्यापारी बसवला, म्हणजे दिलेल्या भावाला हो-नाही म्हणणारा प्रोग्राम. पंच्याखाली आबांनी कळ दाबायची, आणि उत्तर द्यायला ह्यांच्या फौजी हेडफोनचा एक कान काढून आबांच्या तळहाताखाली ठेवला. व्यापाऱ्याचं म्हणणं तिथं टकटक असं हाताला लागायचं. ह्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसले, मग उठून हेडफोन स्वतःच खोलून दिला. पहिल्या दिवशी आबा उठून बसले. उठून बसले हे मी सहज लिहिलं, पण ते बघायला मी अंगणातून ओल्या हातानं धावत आले होते. त्यांनी एक भाव दिला. टकटक आली, नाही. आबांच्या भुवया वर गेल्या. भाव उतरवला. परत नाही. मग आबांनी काय केलं, तर पहिल्यापेक्षाही वरचा भाव दिला, आणि आमचा व्यापारी म्हणाला, घेतला. आबांनी हात पंच्यातून बाहेर काढला.

"येडं हाय हे."

"का हो आबा?"

"मी आत्ताच खाली उतारलो व्हतो ते ह्येला ठावंच न्हाई. मागचं ध्यानात न्हाई त्येच्या. असल्याला फसवायचं म्हंजे आंधळ्याच्या ताटातली भाकर उचलायची." आणि मग, भिंतीकडं वळता वळता, "माज्या ताटातली."

चूक त्याची नव्हती, जागेची होती. त्या पाटीची मेमरी इतकीशी की व्यापाऱ्याचा नुसता स्वभाव त्यात मावला आणि झालेल्या बोलाचाली ठेवायला कोनाडाही उरला नाही. उंबरठ्यातच सगळं घर संपलं. मेमरी वाढवायचं तयार कार्ड परदेशात मिळतं म्हणे; इथं नाव काढलं तरी कस्टमवाले हसतील. पण कृष्णातनं दुसरी एक युक्ती लिहून कळवली आणि बोटीवरच्या दोस्ताबरोबर चॉकलेटच्या डब्यात, काळ्या स्पंजात पाय रोवलेले नवे आयसी पाठवले. युक्ती अशी की पाटीवरच्या जुन्या आयसीच्या पाठीवर तसाच नवा आयसी बसवायचा, पाठकुळी घेतलेल्या पोरासारखा. वरच्याचे पाय खालच्याच्या पायांना सोल्डरनं जोडायचे. खालच्याला जे ऐकू येईल ते वरच्यालाही. फक्त एक पाय, ज्यानं त्याला हाक मारली जाते तो, वर उचलून ठेवायचा आणि त्याला वेगळी तार द्यायची. खालच्याला हाक वेगळी, वरच्याला वेगळी. ज्याला हाक त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. मी हे वाचलं आणि मला हसूच आलं. सगळा बाजार एका पंच्याखाली, आणि बोट धरलंय एकाचंच. हे तर मला येत होतं.

येत होतं असं वाटलं, तिथंच सगळं फसलं. कॉटनची साडी नेसले (नायलॉनच्या साडीची ठिणगी ह्या आयसींना विजेसारखी लागते, एकाचा जीव मी पदरानंच घेतला होता), पदर खोचला, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते काम केलं. राळेचा वास फोडणीत मिसळला. वरचे सगळे वर बसले, उचललेले पाय एका तारेत ओवले, तार हाक मारणाऱ्या आयसीच्या मोकळ्या पायाला नेली. कृष्णातच्या कागदावर त्या तारेपाशी आणखी एक लहानशी नागमोडी खूण होती. ती मी बघितली होती. हाक मारणारा आयसी, हाक मारायची तेव्हा तार खाली ओढतो. नसते तेव्हा सोडून देतो. सोडून देतो म्हणजे काही नाही. काही नाहीसाठी कशाला काय लावायचं? वाण्याकडं काही घ्यायचं नसेल तर आपण पिशवी नेतो का?

आणि पाटीला वेड लागलं. जुन्यात लिहावं तर नव्यातलं बोलायचं, नव्यात लिहावं तर दोघं एकदम बोलून भलतंच काही उमटायचं. आधी निदान स्वभाव तरी आठवत होता, आता तोही विसरायला लागली. मी डाख परत परत तापवले. ह्यांनी भिंगातून पाहिलं, "जॉइंट एकबी ड्राय न्हाई. तुज्या हाताला नाव ठेवायला जागा न्हाई, म्हणून तर लय अवघड झालंय." आणि ह्या सगळ्यात एक गंमत, खरं तर गंमत नाही, काळजात कळ येईल अशी गोष्ट. मी त्या तारेजवळ हात नेला की पाटी शहाणी व्हायची. नुसता जवळ, लावायचाही नाही. हात जवळ आहे तोवर सगळं ध्यानात. हात काढला की भ्रमिष्ट. तिकडं खाटेवर आबा, इकडं ओट्यावर ही. दोघांच्याही उशाशी एकाच वेळी कशी बसणार होते मी?

त्या सकाळी आबांनी हात सोडवल्यावर मी चहा परत स्वयंपाकघरात नेला आणि ओट्यावर, पाटीशेजारीच ठेवला. सायीचा पापुद्रा धरला. मला राग आला. रडू येईल असं वाटत होतं आणि आला राग. जन्मभर लोकांना शिकवलंत, आबा, की सौदा मोडला तरी दुसऱ्यांदा हात पुढं करायला लाजू नये, आणि आता स्वतःच पांघरुणात हात घालून बसता? मी दांडीवरचा पंचा ओढला. खाटेवर जाऊन बसले. विचारलं नाही. त्यांचा हात पांघरुणातून बाहेर काढला, वर पंचा टाकला, आणि भाव दिला. असा भाव की कुठल्याही अडत्याचं पित्त खवळावं. हळदीचा नव्हे, हळदीच्या कचऱ्याचा भाव.

काही झालं नाही. खिडकीतून उन्हाचा तुकडा पंच्यावर पडला होता. मग आबांचा अंगठा हलला.

"कुणाचा माल म्हन्लीस?" भिंतीकडं बघतच ते म्हणाले.

"तुमचाच."

"आन् ह्या भावात? लाज वाटतीया का?"

"वाटली असती तर व्यापारी झाले असते का?"

त्यांनी माझा हात पकडला. लेकीचा धरतात तसा नाही. त्यांनी दोन बोटं धरली, आणि उरलेली, ज्यांचं काही काम नव्हतं ती, एकदम मुडपून माझ्याच तळहातात अशी दाबली की मी ओरडले.

"दुकलं?"

"आबा, ही बोटं कशाला मुडपली? ह्यांचा भावाशी काय संबंध?"

"न्हाई म्हणूनच मुडपली." आबा आता माझ्याकडं वळले होते. न दिसणारे डोळे माझ्या खांद्याच्या जरा पलीकडं लागले होते. "मोकळं बोट म्हंजे काय न्हाई, आसं कुनी सांगितलं तुला? मोकळं बोट लय बोलतं. समोरचा त्येच्या मनाला यील ते ऐकतो. घाम आला, हात थरकला, शेजारून कोन धक्का मारून गेलं, की झालं, हे बोट बी धरलं व्हतं म्हनून भांडाय मोकळा. ज्येला गप ठेवायचं त्येला धरून गप ठेवाय लागतं, मुक्ते. नुस्तं सोडून गप ऱ्हात न्हाई कोन."

"मग मला का नाही शिकवलंत असं? माझी तर सगळी मोकळीच असायची."

इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं, ओळखीचं, पदर ओढतानाचं.

"तुजी बोटं किती इवलीशी व्हती. दाबली आसती तर रडली आसतीस."

कानात एक आवाज येत होता, स्टेशन लागायच्या आधी रेडिओत येतो तसा. एवढ्या वर्षांत मी पाठ केलेल्या एका नियमाच्या पोटात आबांची माया होती आणि मला ती नियमच वाटत होती. नागमोडी खूण. सोडून देतो म्हणजे काही नाही. थरकलेला हात, शेजारून गेलेला धक्का. ओट्यापाशी मी हात नेत होते आणि माझा हात, माझ्या अंगातली वीज, ती सोडून दिलेली तार, ते मोकळं बोट, ऐकत होतं आणि मनाला येईल ते समजत होतं.

"आबा, आलेच. सौदा मोडलेला नाही हां. हात तसाच ठेवा."

"कुटं चाललीस, यापारी?"

ह्यांच्या डब्यातून त्या नागमोडी खुणेचा एक रेझिस्टन्स काढला, तांदळाएवढा, अंगावर रंगीत पट्टे. एक टोक त्या तारेला, दुसरं पाटीच्या पाच व्होल्टच्या पट्टीला. एवढंच. हाक नसेल तेव्हा तार वर धरून ठेवायची. हाक आली तर तो अडवत नाही, मुकाट वाकतो. हाक गेली की परत धरतो. सोल्डरचा थेंब चमकला, मग विझून करडा झाला. मी बटण लावलं, जुन्यात एक आकडा लिहिला, नव्यात दुसरा. मग पाटीपासून हात काढला. पाठीमागं घेतला. दोन पावलं मागं आले, मग दारापर्यंत, मग अंगणात, तुळशीच्याही पलीकडं, गेटापाशी जाऊन उभी राहिले. समोरच्या बंगल्यातल्या लीलाबाई म्हणाल्या, "काय वो, कुनाची वाट बघताय?" म्हटलं, "कुणाची नाही, विसरण्याची." आत आले तर दोन्ही आकडे आपापल्या जागी, तांबडेलाल, माझ्याशिवाय. माझ्याशिवाय! आयुष्यात इतका आनंद मला कुणी माझ्याशिवाय नीट राहिल्याचा झाला नव्हता.

टेपच्या कॅसेटवर साठवून ठेवलेला व्यापारी परत पाटीत उतरवला, ह्या वेळी त्याला मागचं सगळं ठेवायला वरचा मजला मोकळा करून दिला. तोवर हे दुकानातून जेवायला आले होते. ताट वाढलं नाही म्हणून विचारणार होते, पण माझं तोंड बघून पाटीचं एक टोक धरलं आणि दोघांनी ती खाटेवर नेली. पंचा टाकला. कळा झाकल्या, तांबड्या आकड्यांची खिडकीही झाकली.

"आबा, आधीचा व्यापारी आजारी पडला. त्याचा भाऊ आलाय."

"भाऊ बी येडाच आसंल."

आबांनी कळ दाबली. टकटक. दाबली. टकटक. भुवया वर गेल्या. मग मी बघत होते तो डाव, खाली उतरायचं आणि एकदम वर जायचं. आबांचं तोंड आभाळाकडं, म्हणजे आमच्या पत्र्याकडं. पंच्याखालून टकटक आली, लांब, सावकाश, आणि आबांचा हात थांबला.

"काय म्हणाला?" ह्यांनी विचारलं.

"मगाचा भाव सांगतोय माजा मला." आबा म्हणाले. "म्हंतोय, तवा हितं व्हतास, आता हितं कसा?" आणि मग ते हसले. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग खाट करकरायला लागली. "बेनं वस्ताद हाय गं! जावाईबापू, ह्येला इसरत न्हाई काय!"

"फौजेतल्या शिपायागत हाय," हे म्हणाले. "ऑर्डर इसरंल, उदारी न्हाई इसरणार."

"गप बसा. सौदा चाललाय."

सौदा किती वेळ चालला कुणास ठाऊक. आमटी गार झाली. आबा घासाघीस करत होते, कपाळाला घाम होता, आणि एकदा त्यांनी शिवी दिली ती ऐकून ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी पत्र्याकडं पाहिलं. व्यापारी अडून बसला, आबा अडून बसले. एकदा आबा हात काढायला लागले, करंगळी निघाली, आणि परत पंच्यात गेली. शेवटी एक टक. एकच. आबा म्हणाले, "दिला."

"काय भाव फुटला?" हे म्हणाले आणि पंच्याचं टोक उचलायला गेले. मी त्यांच्या हातावर चापट मारली. तो आकडा पंच्याखाली तांबडा होऊन जळत होता, माझ्याच हातानं बसवलेल्या वरच्या मजल्यावर लिहिलेला होता, मी बघितला असता तर कुणी अडवणार नव्हतं. पण तो त्या दोघांचा होता.

"जावाईबापू," आबा म्हणाले, "मिरजंच्या त्या डागदरला इचारा. कवा या म्हंतोय ते."

"डोळ्यांसाठी?"

"मग काय दातासाटी? ह्या यापाऱ्याचं त्वांड बघायचंय मला एकदा. मला, मला नडवतंय म्हंजे काय!"

आणि उजवा हात पंच्यातून काढून त्यांनी हवेत पुढं केला, टाळीसाठी. पाटीला हात नव्हता, ते मी विसरले होते. हात तसाच वाट बघत राहिला, नखांत अजून हळदीचा पिवळेपणा. मग मी माझा पुढं केला. टाळी अशी वाजली की खिडकीतली चिमणी उडाली. आबांनी हात सोडला नाही. चाचपला. "यापाऱ्याचा हात बारीक हाय, पर गच्च हाय," म्हणाले, आणि माझं एक बोट बाहेर मोकळं राहिलं होतं ते शोधून, मुडपून, घट्ट दाबून धरलं.

दुखलं. पण रडले नाही. बोटं आता मोठी झाली होती.